खेळाडूचे हृदय आणि वीतभर कागद

बंगळूर शहराच्या मध्यभागी कंठीरव क्रीडांगण आहे. ज्या जागी ते उभे आहे तेथे पूर्वी संपंगी नावाचा तलाव होता. शहाजीराजांच्या जहागिरीचे गाव म्हणून मराठी माणसाला या शहराविषयी एक ममत्व वाटते आणि त्या ममत्वापोटी येणारे पाहुणे माझ्याकडे पुष्कळ असतात. त्यांना मी किल्ला दाखवतो, पेठ दाखवतो आणि परतताना वाट थोडी वाकडी करून या क्रीडांगणापाशी गाडी थांबवतो. 2004 साली 5 डिसेंबरला, रविवारी, येथे जे घडले त्याचा शहाजीराजांशी काही संबंध नाही. गोव्याशी मात्र आहे, आणि मी आज ज्या विषयावर बोलणार आहे त्याच्याशी तर फारच आहे.

त्या दिवशी फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला कलकत्त्याचा मोहन बागान, दुसऱ्या बाजूला गोव्याचा डेम्पो. डेम्पोच्या आघाडीला क्रिस्तियानो ज्युनिअर नावाचा पंचवीस वर्षांचा ब्राझीलचा खेळाडू होता. डेम्पोने सामना दोन गोलांनी जिंकला आणि दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, तो खाली कोसळला आणि पुन्हा उठला नाही. शवविच्छेदनानंतर, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू आला, असे सांगण्यात आले. डेम्पोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुढे कोणालाही दिला नाही.

असा मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक प्रश्न हटकून येतो. आधी कळले नसते काय? छातीला चार तारा लावून, वीतभर कागदावर त्याच्या हृदयाचा आलेख काढून, कोणी त्याला मैदानाबाहेर ठेवले नसते काय? प्रश्न साधा दिसतो. तो किती साधा नाही, हे मला एका सरकारी फायलीने आणि माझ्या घरातल्याच एका मुलाने शिकवले. त्या दोहोंकडे मी मागाहून वळेन, कारण या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो, योगायोगाने म्हणा, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासूनच सुरू होतो.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची थेम्स नदीवर दरवर्षी नौकांची शर्यत होते. अंतर सव्वाचार मैलांचे. 1867 साली स्के नावाच्या एका नामांकित शल्यवैद्याने 'टाइम्स' पत्राला पत्र लिहून या शर्यतीवर कोरडे ओढले. या अमानुष श्रमाने कोवळ्या तरुणांची हृदये कायमची निकामी होतात, असा त्याचा आरोप होता. आरोप भयंकर होता आणि त्याला पुरावा काहीच नव्हता. तेव्हा मँचेस्टरचा डॉक्टर जॉन मॉर्गन पुढे आला. तो स्वतः ऑक्सफर्डला असताना वल्ही मारीत असे. सरकारी माणसाला या मॉर्गनविषयी विशेष आदर वाटावा, कारण त्याने मताला मत दिले नाही. त्याने यादी केली. 1829 सालच्या पहिल्या शर्यतीपासून 1869 पर्यंत ज्या सुमारे तीनशे तरुणांनी वल्ही हाती धरली होती, त्या प्रत्येकाचा त्याने शोध घेतला. जे हयात होते त्यांना पत्रे लिहिली, जे गेले होते त्यांच्या आप्तांना लिहिली. 1873 साली त्याने आपले पुस्तक प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा, की हे लोक त्यांच्या वयाच्या सर्वसामान्य माणसांपेक्षा सरासरीने सुमारे दोन वर्षे अधिक जगले. आता विद्यापीठाच्या नौकेत बसणारा मुलगा मुळातच सुखवस्तू घरातला आणि निवडून घेतलेला धट्टाकट्टा असणार, ही शंका आपण आज काढू शकतो. तरीही स्केच्या पत्रापुढे मॉर्गनची यादी कितीतरी वजनदार ठरते.

परंतु मॉर्गनला छातीच्या आत डोकावता येत नव्हते. 1899 साली स्वीडनमध्ये हेनशेन नावाच्या वैद्याने बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजाच्या फरकावरून त्यांच्या हृदयाचा आकार अजमावला. सुतार लाकूड ठोकून पाहतो तसे. त्याला आढळले की या लोकांची हृदये मोठी असतात. त्याच वर्षी अमेरिकेत डार्लिंग नावाच्या डॉक्टरने हार्वर्डच्या नौकापटूंची तपासणी केली आणि तीच गोष्ट नोंदली. हेनशेनचे म्हणणे असे की हे मोठेपण रोगाचे नव्हे, कामाचे आहे. असे मोठे हृदयच शर्यत जिंकते. वैद्यकशास्त्रात 'खेळाडूचे हृदय' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. रोगानेही हृदय मोठे होते आणि तालमीनेही होते. मग समोरच्या तरुणाचे हृदय कोणत्या कारणाने मोठे झाले आहे, हे ओळखावयाचे कसे? माझ्या आजच्या कथेचे सारे दुःख या एका प्रश्नात आहे, आणि ते 1899 इतके जुने आहे.

याच सुमारास दुसरीकडे यंत्र घडत होते. लंडनच्या ऑगस्टस वॉलरने 1887 साली माणसाच्या हृदयाची वीज शरीराच्या बाहेरून टिपून दाखवली होती. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून मोठ्या शांततेने या प्रयोगाला उभा राही. 1909 साली कुत्र्याचा असा छळ होत असल्याबद्दल ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्नही विचारला गेला! पण खरे यंत्र बनवले ते हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेनने. याचा जन्म जावा बेटातला, म्हणजे आपल्याच बाजूच्या समुद्राकडचा. चांदीचा लेप दिलेली, केसाहूनही बारीक अशी एक काचमण्याची तार त्याने प्रबळ लोहचुंबकामध्ये ताणून बसवली. हृदयाची वीज त्या तारेतून गेली की ती थरथरे आणि त्या थरथरीची छाया फिरत्या पट्टीवर उमटे. यंत्राचे वजन सुमारे 270 किलो. चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. इतके जड यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून 1905 साली आइन्थोवेनने टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयातील हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणवले. त्या आलेखातील उंचवट्यांना त्याने दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही जगभर चालतात. 1924 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे या आलेखाला सगळेच इ. सी. जी. म्हणतात, मी या भाषणापुरते त्याला हृदयालेख म्हणतो.

निरोगी दिसणाऱ्या तरुण माणसाचा हृदयालेख काढावयाचा, तो त्याला काही होते आहे म्हणून नव्हे, तर पुढे काही होऊ नये म्हणून, ही कल्पना बंगळुरात फार लवकर आली. मात्र ती मैदानावर आली नाही, विमानतळावर आली. 1957 साली वायुदलाने येथे वैमानिकी वैद्यकाची शाळा काढली. विमानपुरातील ती संस्था आज अंतराळ वैद्यकाची संस्था म्हणून ओळखली जाते. विमान चालवणाऱ्याचे हृदय आकाशात दगा देऊन चालत नाही, म्हणून त्याचा आलेख नेमणुकीच्या वेळी आणि पुढेही ठरावीक काळाने काढावयाचा, असा शिरस्ता पडला. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा 1982 साली अंतराळ प्रवासासाठी निवडले गेले, तेव्हा त्यांची कसून पारख येथेच झाली आणि 2019 साली गगनयानासाठी वैमानिकांची पहिली निवडही येथेच झाली.

माझ्यासारख्या लेखनिकी माणसाला येथे एक गोष्ट टोचते. वैमानिकाच्या हृदयावर राज्याने खर्च केला, कारण त्याच्या खाली कोट्यवधींचे विमान होते. धावणाऱ्या पोराच्या खाली माती असते. पोलीस शिपायाच्या भरतीत महाराष्ट्रात छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर अधिक भरावी लागते. छाती बाहेरून मोजण्याची टेप राज्याकडे मुबलक होती आणि आत पाहण्याची तार मोजक्यांसाठी होती.

ही तार सर्व खेळाडूंना लावण्याचे धाडस ज्या देशाने मोठ्या प्रमाणावर केले, तो इटली. तेथे 1971 साली खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा झाला आणि 1982 च्या आदेशाने स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी तपासणी आणि हृदयालेख सक्तीचा झाला. पादुआच्या डॉक्टरांनी व्हेनेतो प्रांतातील तरुण खेळाडूंचा पंचवीस वर्षांचा हिशेब 2006 साली मांडला. आरंभी, 1979-80 मध्ये, लाखामागे वर्षाला 3.6 खेळाडू अचानक हृदय थांबून दगावत. 2003-04 पर्यंत हे प्रमाण 0.4 वर आले. न खेळणाऱ्या, म्हणून तपासणी न झालेल्या, तरुणांत मात्र फरक पडला नाही. आकडे इतके बोलके आहेत की वाचणाऱ्याला वाटावे, आता वाद कसला? आपणही उद्यापासून हेच करावे.

मलाही तसेच वाटले. ज्या काळात मी बंगळुरातल्या एका कार्यालयात बदलून आलो होतो, त्या काळात माझ्या टेबलावर एक मसुदा आला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत भाग घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हृदयालेख काढून प्रमाणपत्र जोडावे, अन्यथा त्यास उतरू देऊ नये, अशा आशयाचा तो होता. मसुदा करणाऱ्याचा हेतू चांगला होता. खर्चाची अडचणही फारशी नव्हती आणि त्याचे श्रेय याच शहराला आहे. 2008 च्या सुमारास जी. ई. कंपनीच्या बंगळूर येथील तंत्रज्ञांनी खेडोपाडीच्या डॉक्टरसाठी एक लहान हृदयालेख यंत्र तयार केले. ते पाठीवरच्या पिशवीत मावे, विजेरीवर चाले आणि त्याचा छापखाना म्हणजे बसचा वाहक जसल्या यंत्रातून तिकीट फाडून देतो तसल्या जातीचा. किंमत हजार डॉलरच्या आतबाहेर आणि एका आलेखाला खर्च सुमारे एक डॉलर. कुठे ते लायडनचे 270 किलोचे धूड आणि पाच माणसे, आणि कुठे हे तिकिटाचे यंत्र! दहा सेकंदांत काम आटोपते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहा सेकंदांचे आयुष्य पुरते वीतभर कागदावर येते. मी मसुद्यावर अनुकूल शेरा लिहिण्याच्या बेतात होतो.

त्याच वर्षी माझा भाचा शिक्षणासाठी बंगळुरास आला होता आणि आमच्याकडेच राहत होता. आठशे मीटर धावे. सडपातळ, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा. त्याच्या महाविद्यालयाने, कोणतेही परिपत्रक नसताना, आपण होऊन खेळाडूंची तपासणी ठेवली. ही गोष्ट कौतुकाची खरी. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो कागदाची घडी मुठीत धरूनच. आलेखाच्या माथ्यावर यंत्राने आपणच छापले होते, की आलेख सामान्य नाही. डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याचा संभव. खाली तपासणाऱ्याने सही करून 'खेळ बंद' असे लिहिले होते. मुलाची नाडी विश्रांतीत मिनिटाला चव्वेचाळीस होती, तिच्याभोवतीही एक लाल वर्तुळ होते.

त्या रात्री माझ्या बहिणीचा कोल्हापूरहून फोन आला. ती रडत नव्हती, ही गोष्ट मला अधिक लागली. "दादा, याला परत पाठव. मला धावपटू नको, मुलगा हवा," एवढेच ती म्हणाली. आत पलीकडच्या खोलीत मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि त्यालाही सारे ऐकू जात होते.

पुढचे पाच महिने आम्ही दारोदार फिरलो. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढण्याच्या तपासणीला आधी तारीख मिळेना. मिळाली तेव्हा ती करणाऱ्याने 'भिंत वरच्या मर्यादेवर' असे लिहून आणखी एक तपासणी सांगितली, आणि ती महाग होती. शेवटी एका वयस्क हृदयतज्ज्ञाने तोच पहिला कागद खिडकीच्या उजेडात धरला, मुलाच्या फासळ्यांकडे पाहिले आणि तो हसला. बारीक छातीच्या धावपटूच्या आलेखातील उंच टोके आणि मंद नाडी ही तालमीची खूण आहे, त्यापलीकडे या कागदावर काही नाही, असे त्याने सांगितले. खेळाडूंचे आलेख कसे वाचावेत याचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2017 साली प्रसिद्ध झाले, त्यांतही केवळ उंच टोकांना आणि मंद नाडीला निरोगी खेळाडूच्या खात्यातच टाकले आहे. म्हणजे हेनशेनला बोटांनी ठोकून जे उमगले होते, ते त्या यंत्राला आणि त्यावर सही करणाऱ्याला उमगले नव्हते. विद्यापीठाच्या स्पर्धा तोवर होऊन गेल्या होत्या. मुलगा पुढे पुन्हा धावला. पण शेवटच्या दोनशे मीटरला तो छातीवर हात नेई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मी ती फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी शेरा लिहिण्याआधी मॉर्गनसारखी बेरीज-वजाबाकी मांडली. समजा, हजार निरोगी दिसणारी मुले आहेत. नव्या निकषांनी, जाणत्या डोळ्यांनी वाचले तरी शंभरातले दोन-तीन आलेख शंकास्पद निघणारच, म्हणजे हजारात तीसच्या घरात. जुन्या निकषांनी किंवा यंत्राच्या छापील शेऱ्यावर विसंबले तर त्याहून कितीतरी अधिक. आणि खरोखर जिवाला धोका असणारा दोष किती जणांत? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1996 ते 2016 या वीस वर्षांत सोळा-सतरा वर्षांच्या 11,168 खेळाडूंची आलेख आणि ध्वनिचित्र अशा दोन्ही मार्गांनी तपासणी केली. त्यात असे 42 सापडले. म्हणजे हजारी चारसुद्धा नव्हेत. तेव्हा आपल्या हजारांतल्या तीस मुलांना खेळ बंद सांगितला, तर त्यांतली सव्वीस-सत्तावीस माझ्या भाच्यासारखी आणि तीन-चार खरी. या तीस जणांची पुढची तपासणी आठवड्यात होणार असेल, तर ही किंमत मी आनंदाने मोजीन. ती पाच महिन्यांनी होणार असेल, तर आपण तीन-चार जीव वाचवण्याच्या खटपटीत पंचवीस मुलांचा हंगाम, आणि काहींचा खेळच, घालवणार.

हा हिशेब बहिणीला पटला नाही, हे सांगितले पाहिजे. ती म्हणाली, "दादा, कागद खोटा निघाला म्हणून तुला राग येतो. तो खरा असता तर तू त्याच कागदाच्या पाया पडला असतास." मला त्यावर उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

त्याच इंग्लंडच्या हिशेबात दुसरी एक ओळ आहे, ती मला या सगळ्या वाङ्‌मयातली सर्वांत गंभीर ओळ वाटते. तपासलेल्या मुलांपैकी पुढे आठ जण हृदयविकाराने मैदानावर वा मैदानाबाहेर दगावले. त्या आठांपैकी सहांची तपासणी निर्दोष निघाली होती. तपासणी आणि मृत्यू यांत बहुतेकदा काही वर्षे लोटली होती. या जातीचे कित्येक विकार उपजत असले तरी वयाबरोबर हळूहळू उगवतात. सोळाव्या वर्षीचा स्वच्छ कागद विसाव्या वर्षीची हमी देत नाही. इटलीने दरवर्षी आलेख काढण्याचा नियम केला तो याचसाठी. पण इस्रायलने 1997 साली तसाच कायदा केला आणि तेथे 2011 साली हिशेब मांडला तेव्हा मृत्यूंचे प्रमाण कायद्याच्या आधी होते तितकेच नंतरही आढळले. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने तर सरसकट आलेखाची शिफारस केलीच नाही. ती चौदा मुद्द्यांच्या विचारपुशीवर आणि तपासणीवर थांबली.

आणि इटलीचा धडा इटलीच्या रक्ताचा आहे, हेही विसरता येत नाही. व्हेनेतो प्रांतात तरुणांच्या मृत्यूमागे हृदयाच्या उजव्या कप्प्याचा एक आनुवंशिक विकार पुष्कळदा सापडे. पादुआच्या वैद्यांनी 1988 साली तो जगापुढे ठेवला. आलेखावर त्याची खूण बहुधा उमटते. अमेरिकेत स्नायूची भिंत जाड होण्याचा विकार अधिक दिसला. आपल्याकडे काय? 2009 साली हैदराबादच्या आणि अन्य शास्त्रज्ञांनी दाखवले की हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील पंचवीस अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातील शंभरातल्या सुमारे चार जणांत गळालेला असतो. असा दोष असणारे बहुतेक लोक म्हातारे होईपर्यंत धडधाकट असतात. हे सारे फार नाजूक शास्त्र आहे आणि मी त्यात उपराच. पण एक गोष्ट उपऱ्यालाही कळते. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून येणाऱ्या पोरांत अजूनही संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. तो दोष आलेखावर कित्येकदा दिसतच नाही. तो कानाला लावायच्या नळीतून ऐकू येतो. परिपत्रकाने आलेख सक्तीचा झाला, की आलेख जोडला जाईल आणि नळी गळ्यातच राहील, अशी मला रास्त भीती वाटली. सरकारी कामात ज्याची प्रत जोडता येते तेच केले जाते.

आता पुन्हा मैदानाकडे येतो. टक्कर होऊन पडणाऱ्या माणसाविषयी वैद्यक आणखी एक गोष्ट सांगते. छातीवर एका विशिष्ट क्षणी, ठोक्याच्या एका अगदी सूक्ष्म अंशात, आघात झाला तर पूर्ण निरोगी हृदयसुद्धा थरथरत थांबते. 2004 च्या त्या संध्याकाळी नेमके तेच झाले की आधीच काही दोष होता, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु तसे झाले असेल, तर आदल्या दिवशी जगातला सर्वोत्तम आलेख काढूनही काही कळले नसते. त्या क्षणी उपयोगी पडली असती ती एकच गोष्ट: थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन पुन्हा चालू करणारी पेटी, आणि ती वापरण्यास न घाबरणारा माणूस.

2012 च्या मार्च महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 17 तारखेला लंडनच्या मैदानात फॅब्रिस मुआम्बा हा खेळाडू धावता धावता कोसळला. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयतज्ज्ञ कुंपण ओलांडून धावला, झटके देण्यात आले, आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी ते हृदय पुन्हा चालू लागले. 21 तारखेला बंगळूरच्या फुटबॉल मैदानात जिल्हा स्तरावरील सामन्यात सत्तावीस वर्षांचा एक स्थानिक खेळाडू तसाच कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सोबत्यांनी त्याला उचलून ऑटोरिक्षात घातले. तो वाचला नाही. 2021 साली कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान एरिक्सन कोसळला, तेव्हा त्याचे आधीच्या वर्षांतले सारे आलेख निर्दोष होते, असे ते पाहणाऱ्या डॉक्टरनेच सांगितले. त्याला वाचवले ते मैदानावरील पेटीने, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

त्याच 2021 सालच्या ऑक्टोबरात कन्नड चित्रपटांचा लाडका नट पुनीत राजकुमार वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि बंगळूरच्या हृदय रुग्णालयांपुढे आलेख काढून घेणाऱ्यांची रीघ लागली. पुढे त्याच्याच नावाने राज्याने तालुका रुग्णालयांत आलेख काढून तो मोठ्या रुग्णालयातील जाणत्याला तत्काळ दाखवण्याची योजना सुरू केली. त्या वयाचा आजार रक्तवाहिन्यांचा असतो, पस्तिशीच्या आतल्या खेळाडूचा बहुधा उपजत असतो. दोहोंची गल्लत करू नये. पण ती योजना एका बाबतीत माझ्या मसुद्याहून शहाणी होती. तिने कागदाबरोबर कागद वाचणाऱ्याची सोय केली.

मी माझ्या शेऱ्यात लिहिले ते असे. सामना असेल तेथे पेटी, रुग्णवाहिका आणि ती पेटी वापरण्यास शिकवलेले दोन शिक्षक आधी असावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावे, धावताना कधी घेरी येऊन पडलास काय, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले काय. आणि छाती नळीने ऐकावी. याला कागद लागत नाही. या विचारपुशीत ज्याच्याविषयी शंका येईल त्याचा आलेख काढावा. सर्वांचा आलेख काढणे हे उद्दिष्ट ठेवावे, परंतु खेळाडूंचे आलेख वाचण्यास शिकवलेला डॉक्टर आणि पंधरा दिवसांत पुढील तपासणी, या दोन गोष्टींची लेखी व्यवस्था ज्या जिल्ह्यात होईल, त्याच जिल्ह्यात तो सक्तीचा करावा. शेवटी, तपासणी पुरी होईपर्यंत विद्यार्थ्याची संघातील जागा राखून ठेवावी, असे एक वाक्य मी हाताने जोडले. ते वाक्य कोणासाठी होते हे फाइलीतल्या कोणाला कळण्याचे कारण नव्हते.

फाइल वर गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. बाकीच्या मुद्द्यांवर काही म्हटलेले नव्हते. पेट्यांच्या परिच्छेदाशेजारी मात्र हिरव्या शाईत एकच प्रश्न होता: खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा? मी वैद्यकीय साहित्य सुचवले. त्यावर, क्रीडा साहित्य का नव्हे, असे विचारणा करणारे टिपण आले. त्याचे उत्तर लिहीत असतानाच माझ्या बदलीचा हुकूम निघाला आणि पदभार सोपवताना प्रलंबित प्रकरणांच्या यादीत मी या फाइलीचा क्रमांक पहिला घातला.